पोर्तुगालची राजस्थळे पहिल्यांदा पाहताना: मुंबई आंदण देणाऱ्या घराण्याचा माग

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा करार २३ जून १६६१ रोजी झाला. वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे तँजिअर आणि मुंबईचे बंदर व बेट असे ते आंदण होते. मुंबई आंदण गेली हे आपल्याकडे शाळेतच कळते. पण देणारे कोण होते, त्यांनी एवढे का दिले, ते राहत कुठे आणि पुरले कुठे गेले, हे सहसा कुणी विचारत नाही. युरोपातली राजस्थळे पाहायला पहिल्यांदाच निघालेल्या मराठी माणसाने सुरुवात पोर्तुगालपासून करावी असे आम्हाला मनापासून वाटते. वसई, चौल, कोर्लई आणि गोवा इथे ज्यांची राजचिन्हे दगडात कोरली गेली, त्यांची घरे आणि थडगी तिथे अजून उभी आहेत.

देश लहान आहे. आठवड्याभरात एका घराण्याचा माग नीट काढता येतो. आठवड्याभरात सगळे राजवाडे उरकायचे ठरवले, तर मात्र चौथ्या दिवसापासून सगळी झुंबरे सारखी दिसायला लागतात आणि परतल्यावर कोणता पलंग कुठे पाहिला तेही सांगता येत नाही. म्हणून आधी घराणे निवडा, मग त्याला धरून जागा निवडा. खालचा बेत ब्रागांसा घराण्याचा आहे.

निघण्याआधी घरी करायचे

एक संध्याकाळ काढून चार घराण्यांची नावे कागदावर लिहा. पहिले बर्गंडी घराणे, बाराव्या शतकापासून १३८३ पर्यंत. दुसरे अविश, १३८५ ते १५८०. वास्को द गामाची सफर, १५१० साली घेतलेला गोवा आणि १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून मिळालेली वसई व मुंबई, हे सगळे अविशांच्या काळातले. या घराण्याचा तरुण राजा सेबाश्तियांव १५७८ साली मोरोक्कोतल्या लढाईत नाहीसा झाला. त्याला मूल नव्हते. दोन वर्षांत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि पुढची ६० वर्षे तीन फिलिपांनी लिस्बनवर राज्य केले. हे तिसरे घराणे. १ डिसेंबर १६४० रोजी काही सरदार लिस्बनच्या राजवाड्यात घुसले, स्पॅनिश अंमल संपल्याचे जाहीर केले आणि ब्रागांसाच्या ड्यूकला राजा केले. तो चौथा जुआंव, कॅथरिनचा बाप. हे चौथे घराणे ५ ऑक्टोबर १९१० पर्यंत टिकले.

एवढे आंदण का दिले याचे उत्तर या तारखांतच आहे. स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य १६६८ पर्यंत मान्य केले नाही, तोवर सीमेवर युद्ध चालू होते. तिकडे डच एकामागून एक ठाणी घेत होते. १६५६ साली कोलंबो गेले, १६६३ साली कोची. जुआंव १६५६ मध्ये वारला होता आणि मुलाच्या नावाने राज्य चालवणारी त्याची विधवा लुईझा दे गुझमान हिला आरमार असलेला मित्र हवा होता. त्या मैत्रीची किंमत म्हणजे हे आंदण. गंमत अशी की मुंबई म्हणजे नेमकी किती बेटे यावरून घोळ झाला आणि ताबा प्रत्यक्षात १६६५ सालीच मिळाला. १६६८ मध्ये चार्ल्सने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली.

मग क्रमांक समजून घ्या, कारण नवखा माणूस इथे हमखास अडतो. स्पेनचा दुसरा फिलिप पोर्तुगालमध्ये पहिला असतो, तिसरा तो दुसरा, चौथा तो तिसरा. ब्राझीलचा पहिला पेद्रो आणि पोर्तुगालचा चौथा पेद्रो ही एकच व्यक्ती. पोर्तुगालचा पहिला पेद्रो चौदाव्या शतकातला, वेगळाच. आणखी एक खाच अशी की गादीवर राणी असेल आणि तिला मूल झालेले असेल, तर तिच्या नवऱ्याला राजा ही पदवी व क्रमांक मिळे. त्यामुळे यादीत तिसरा पेद्रो आणि दुसरा फेर्नांदो दिसतात, पण खरी सत्ता पहिल्या व दुसऱ्या मारियाची होती. नावाआधी दिसणारे ‘दों’ हे आपल्या ‘श्रीमंत’सारखे आदराचे, ते नावाचा भाग नव्हे. ‘इन्फान्त’ म्हणजे गादीचा पहिला वारस सोडून बाकीची राजाची मुले.

आता राजचिन्ह. पोर्तुगालच्या ढालीत मध्ये पाच लहान निळ्या ढाली क्रुसासारख्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर पाच पांढरे ठिपके. भोवतीच्या लाल पट्टीवर सोनेरी बुरूज, बहुधा सात. ढालीजवळ कड्याकड्यांचा खगोल दिसला, तर ती वास्तू बहुतेक पहिल्या मानुएलच्या काळातली, म्हणजे १४९५ ते १५२१ मधली. खगोल हे त्याचे खासगी चिन्ह होते, पुढे ते राज्याचेच झाले. ब्रागांसांची स्वतःची खूण म्हणजे दोराची गाठ.

हे ओळखण्याचा सराव इथेच करता येतो. वसई रोड स्थानकावरून बसने किंवा रिक्षाने किल्ल्यात जा आणि दारे व चर्चच्या भिंती यांवरचे कोरीव दगड शोधा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा लिस्बनच्या गादीवर ब्रागांसांचा पाचवा जुआंव होता; त्याचा अवाढव्य राजवाडा या प्रवासात येतोच. सकाळी साडेनऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जावे, तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. भर दुपारी ते सपाट वाटते. जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉयांची चित्रे आहेत. तीही पाहावीत, पण हे राजांचे नोकर होते, राजे नव्हेत, हे ध्यानात ठेवून.

चित्रे पाहताना एक नियम फार कामाला येतो. १६४६ मध्ये चौथ्या जुआंवने आपला मुकुट व्हिला व्हिसोझा या ब्रागांसांच्या मूळ गावच्या देवमातेला अर्पण केला आणि तिला पोर्तुगालची राणी व रक्षणकर्ती जाहीर केले. त्यानंतर एकाही पोर्तुगीज राजाने डोक्यावर मुकुट घातला नाही. म्हणून ब्रागांसा राजांच्या चित्रांत मुकुट शेजारच्या मेजावर किंवा उशीवर ठेवलेला असतो.

शिलालेख लॅटिनमध्ये असतात. जुआंव तिथे ‘योआन्नेस’ होतो, पेद्रो ‘पेत्रुस’, जोझे ‘योसेफुस’, मानुएल ‘एम्मानुएल’. यू हे अक्षर व्हीसारखे कोरलेले असते. रोमन आकड्यांत एम म्हणजे हजार, डी पाचशे, सी शंभर, एल पन्नास, एक्स दहा. एवढ्यावर बहुतेक वर्षे वाचता येतात.

व्हिसा आणि वार

पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. प्रौढांसाठी व्हिसाची फी ९० युरो आहे, त्यावर अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. जोडून स्पेन पाहणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. पोर्तुगालच्या पाच रात्री आणि स्पेनच्या सात असे आरक्षण दाखवून पोर्तुगालकडे अर्ज केला, तर तो तिथेच अडतो.

या प्रवासात सर्वांत जास्त दिवस वाया जातात ते साप्ताहिक सुट्टीमुळे, कारण प्रत्येक जागेचा वार निराळा आहे. जेरोनिमुश मठ आणि राजरथांचे संग्रहालय सोमवारी बंद. माफ्राचा राजवाडा मंगळवारी. अझूदाचा राजवाडा बुधवारी. व्हिला व्हिसोझाचा राजवाडा सोमवारी बंद असतो आणि मंगळवारी सकाळी गेल्यास दार लावलेले मिळू शकते. सिंत्रा आणि केलुश इथले राजवाडे मात्र एरवी रोज उघडे असतात, म्हणून ते सोमवारसाठी राखून ठेवावेत. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे आणि २५ डिसेंबर हे दिवस टाळा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि दुरुस्तीसाठी दालने मिटतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

आम्ही सुचवतो तो क्रम: शनिवारी किंवा रविवारी लिस्बनमधली थडगी आणि नदीकाठचा चौक, सोमवारी केलुश व सिंत्रा, मंगळवारी लिस्बनमधलेच बेलें व अझूदा, बुधवारी माफ्रा, गुरुवारी व्हिला व्हिसोझाला जाऊन मुक्काम. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिला व्हिसोझा ज्यात येते त्या आलेंतेजू प्रांतात पारा चाळिशी ओलांडतो.

बूट रबरी, पकड असलेल्या तळव्याचे घ्या. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या तुकड्यांनी मढवलेले आहेत. ते झिजून गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की उतारावर पाय घसरतोच.

थडग्यांपासून सुरुवात

पहिल्याच दिवशी सांव व्हिसेंत द फोरा या मठात जा. राजवाडे आधी आणि थडगी शेवटी असा बेत बहुतेक जण करतात, तो उलटा करावा. ब्रागांसा घराण्यातली बहुतेक माणसे इथे एका दालनात आहेत. मठाच्या जुन्या भोजनगृहाचे १८५५ मध्ये राजस्मारक केले गेले. भिंतीलगत संगमरवरी पेट्या, त्यांवर नावे, राज्य केलेल्यांच्या पेट्यांवर मुकुट. वही उघडून नावे आणि वर्षे क्रमाने उतरवून घ्या. पुढच्या पाच दिवसांत प्रत्येक खोलीत जो कुणी भेटेल, तो तुम्हाला आधी इथे भेटलेला असेल. या एका तासाने सगळा प्रवास बदलतो.

इथे एक चूक फार होते. मठापासून चालत काही मिनिटांवर पांढऱ्या घुमटाचे राष्ट्रीय स्मारक आहे, सांता एंग्रासिया. दोन्हींना ‘पांतेआंव’, म्हणजे थोरांचे समाधिस्थान, म्हणतात. नकाशात तेवढाच शब्द टाकला की बहुधा राष्ट्रीय स्मारक समोर येते. तिथे राष्ट्राध्यक्ष, गायिका आमालिया रॉद्रिगेश, फुटबॉलपटू युझेबियो यांची थडगी आहेत, राजे नाहीत. तिकीट काढण्यापूर्वी दारावरचे नाव वाचा.

कॅथरिनचे थडगे शोधा. चार्ल्सच्या मृत्यूनंतर ती १६९३ मध्ये लिस्बनला परतली. पुढे भाऊ दुसरा पेद्रो आजारी पडल्यावर तिने राज्यकारभारही सांभाळला आणि ३१ डिसेंबर १७०५ रोजी तिने स्वतः बांधवलेल्या बेंपोश्ता वाड्यात ती वारली. आधी जेरोनिमुश मठात पुरले, नंतर इथे आणले. बेंपोश्ता आज लष्करी अकादमीकडे आहे, त्यामुळे तो बाहेरूनच दिसतो. मुंबईहून आलेल्याने या थडग्यापाशी घटकाभर थांबावे असे आम्हाला वाटते. सात बेटांच्या शहराचे भवितव्य हिच्या लग्नपत्रात लिहिले गेले.

राजा पहिला कार्लुश आणि त्याचा थोरला मुलगा लुईश फिलिप यांची थडगी शेजारी शेजारी आहेत, समोर शोक करणाऱ्या स्त्रीचा दगडी पुतळा. दोघे एकाच संध्याकाळी मारले गेले. इथे नसलेल्यांचीही नोंद ठेवा: पहिली मारिया एश्त्रेला बासिलिका या लिस्बनच्या मोठ्या चर्चमध्ये आहे, चौथ्या पेद्रोचा देह १९७२ मध्ये ब्राझीलला नेला आणि त्याचे हृदय पोर्तू शहराच्या लापा चर्चमध्ये आहे.

मठाला दीड ते दोन तास द्या, गच्चीवरही जा. जाताना २८ क्रमांकाची ट्राम सगळे सुचवतात. ती खच्चून भरलेली असते आणि तिथे खिसेकापू असतात. सांता आपोलोनिया मेट्रो स्थानकावर उतरून चढण चालत जाणे बरे, पंधरा-वीस मिनिटे लागतात. मंगळवारी आणि शनिवारी मठामागे जुना बाजार भरतो, तेव्हा गर्दी वाढते.

तिथून खाली उतरून तेरैरू दु पासू या नदीकाठच्या चौकात या. नकाशावर त्याचे नाव प्रासा दु कोमेर्सियू असे असते. मानुएलने बांधलेला नदीकाठचा राजवाडा याच चौकाच्या पश्चिम बाजूला होता. १६४० चा उठाव तिथेच झाला. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि मागोमाग आलेल्या लाटेत व आगीत तो नष्ट झाला, ग्रंथालय आणि कागदपत्रांसकट. तो शोधत फिरू नका, काही उरलेले नाही. मध्यभागी पहिल्या जोझेचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे, १७७५ चा. चौथऱ्याच्या एका बाजूला हत्ती कोरलेला आहे, तो पूर्वेकडच्या राज्याचा. चौकाच्या वायव्य कोपऱ्यात, आर्सेनाल रस्त्याच्या तोंडाशी, कार्लुश आणि लुईश फिलिप यांच्या १ फेब्रुवारी १९०८ च्या हत्येची लहानशी पाटी आहे. ती सहज नजरेतून सुटते, भिंतीकडे पाहत चालावे लागते.

याच चौकाजवळच्या धक्क्यावरून बारैरू गावाला बोट जाते, वीसेक मिनिटांची. कार्लुश आणि त्याचे कुटुंब त्या दिवशी व्हिला व्हिसोझाहून आगगाडीने बारैरूला आणि तिथून नदी ओलांडून इथे उतरले होते. बोटीने पलीकडे जाऊन लगेच परत या. राजे ज्या बाजूने या शहरात येत, ती बाजू पाण्यावरूनच कळते.

केलुश आणि सिंत्रा, एकाच लोहमार्गावर

रॉसियू स्थानकावरून सिंत्राची लोकल सुटते. केलुश-बेलाश स्थानक वीस मिनिटांवर, सिंत्रा चाळीस मिनिटांवर. आधी केलुशला उतरा, पंधरा मिनिटे चालून राजवाडा. तिसऱ्या पेद्रोने राजा होण्याआधी, १७४७ मध्ये, उन्हाळी घर म्हणून तो सुरू केला. १७९४ मध्ये अझूदाचे लाकडी राजगृह जळाल्यावर घराणे इथे राहायला आले आणि नोव्हेंबर १८०७ मध्ये नेपोलियनची फौज लिस्बनच्या वेशीवर आली तेव्हा इथूनच बाहेर पडून जहाजांनी ब्राझीलला गेले. चौथा पेद्रो १७९८ मध्ये जन्मला आणि १८३४ मध्ये वारला तो एकाच खोलीत, तिला डॉन किहोटेची खोली म्हणतात. खोली चौकोनी आहे, पण खांबांच्या मांडणीमुळे गोल भासते. दारात उभे राहून छत आणि कोपरे दोन्ही पाहा म्हणजे युक्ती लक्षात येते. बागेत निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेला कालवा आहे, तो चुकवू नका. दोन तास पुरतात.

सिंत्रात उतरल्यावर जवळपास सगळी गर्दी टेकडीवरच्या पेना राजवाड्याच्या बसकडे धावते. तुम्ही आधी गावातल्या राजवाड्यात जा, चालत पंधरा मिनिटे. ३३ मीटर उंचीचे दोन पांढरे शंकू दिसतात, ती स्वयंपाकघराची धुराडी. दोन्ही राजवाडे सिंत्रातच आहेत, म्हणून तिकीट घेताना ‘पालासियू नासियोनाल द सिंत्रा’ हे पूर्ण नाव पाहा. इथे राजचिन्हांच्या दालनाच्या छताखाली ७२ सरदार घराण्यांची चिन्हे आहेत, सर्वांच्या वर राजाचे. वसईत केलेल्या सरावाचा इथे उपयोग होतो.

पण आमच्या दृष्टीने या राजवाड्यातली सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे कॅथरिनचा भाऊ सहावा अफोंसो याची खोली. लहानपणीच्या आजाराने तो अधू झाला होता. धाकट्या भावाने, म्हणजे दुसऱ्या पेद्रोने, त्याच्याकडून सत्ता घेतली, पुढे त्याच्या बायकोशी लग्नही केले. अफोंसोला आधी अझोर्स बेटांवर आणि १६७४ पासून मरेपर्यंत, १६८३ पर्यंत, या खोलीत कोंडून ठेवले. फरशी त्याच्या येरझारांनी झिजली असे सांगतात. खोली लहान आणि रिकामी आहे, लोक दोन सेकंदांत पुढे जातात.

पेना पाहायचाच असेल तर आत जाण्याची वेळ ठरवूनच तिकीट काढा. ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकातून वर पोचायला अर्धा तास धरावा. उशीर झाला तर आत सोडत नाहीत. दुसऱ्या फेर्नांदोने १८३८ मध्ये पडका मठ विकत घेऊन तो बांधला. रंगीत आहे, फोटोत छान दिसतो, पण घराण्याची कथा त्यात फारशी नाही. जवळचे किंता दा रेगालेरा तर राजघराण्याचे नाहीच, एका धनाढ्य माणसाचे आहे.

बेलें आणि अझूदा

जेरोनिमुश मठ अविशांचा आहे, तरी पाहावाच. मानुएलने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधायला घेतला आणि खर्चासाठी आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापाराच्या उत्पन्नावर सुमारे ५ टक्के कर लावला. म्हणजे यातला बराच पैसा मिऱ्यांचा आहे. चर्च आणि आतला चौक यांची दारे वेगळी, रांगा वेगळ्या. वेळ कमी असेल तर चर्च पाहा: मुख्य वेदीजवळ मानुएल आणि तिसरा जुआंव यांची थडगी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवली आहेत. दाराशी वास्को द गामा. तो १५२४ मध्ये कोचीत वारला आणि त्याचा देह पुढे पोर्तुगालला नेला.

इथून बेलेंच्या रस्त्याने पूर्वेकडे चालत गेले की उजव्या-डाव्या बोळांच्या पाट्या वाचा. ‘बेकू दु शांव साल्गादू’ अशी पाटी सापडेल. आत एक दगडी खांब उभा आहे. १७५८ मध्ये पहिल्या जोझेवर गोळीबार झाला. कटाचा आरोप ठेवून पुढच्या वर्षी आवेइरूचा ड्यूक आणि तावोरा कुटुंब यांना ठार केले. ड्यूकचा वाडा पाडून जागेवर मीठ पसरले आणि इथे कधीही काही बांधू नये असे या खांबावर कोरले. ज्या मिठाईच्या दुकानासमोर लांब रांग असते त्याच्या अगदी जवळ हे आहे, आणि तिकीट नाही.

राजरथांच्या संग्रहालयाची नवी इमारत २०१५ मध्ये उघडली. तासभर पुरतो. त्यानंतर अझूदा, चढावर वीस-पंचवीस मिनिटे चालत किंवा बसने. भूकंपानंतर जोझे इतका धास्तावला की त्याने पुन्हा दगडी छताखाली राहायला नकार दिला आणि या टेकडीवर लाकडी राजगृह बांधवले. ते १७९४ मध्ये जळाले. त्या जागी उभारलेला दगडी राजवाडा मूळ आराखड्याप्रमाणे कधीच पूर्ण झाला नाही. आत १८६० नंतर राहिलेला पहिला लुईश आणि राणी मारिया पिया यांच्या खोल्या सामानासकट आहेत. दीर्घकाळ अपुऱ्या राहिलेल्या पश्चिमेच्या बाजूला २०२२ पासून राजकोषाचे संग्रहालय आहे. त्याचे तिकीट राजवाड्यापेक्षा वेगळे असते, दोन्ही हवे असल्यास आधी सांगा.

माफ्रा

रेल्वेने जाऊ नका. माफ्रा नावाचे स्थानक गावापासून कित्येक किलोमीटर दूर आहे आणि तिथून पुढे वाहन मिळत नाही. लिस्बनच्या कांपू ग्रांद मेट्रो स्थानकाजवळून बस पकडा, तासाभरात ती राजवाड्यासमोर सोडते.

पाचव्या जुआंवने वारस झाल्यास मठ बांधीन असा नवस केला होता. १७१७ मध्ये पाया घातला, ब्राझीलचे सोने येत गेले आणि मठ वाढत वाढत राजवाडा झाला. राजाची दालने एका टोकाला, राणीची दुसऱ्या टोकाला, मध्ये दोनशे मीटरहून लांब ओळीने खोल्या. ग्रंथालय शेवटी येते, तेव्हा त्यासाठी पाय आणि वेळ राखून ठेवा. सुमारे ३६,००० ग्रंथ आहेत आणि त्यांना कीड लागू नये म्हणून वटवाघळे पाळलेली आहेत. ती रात्री बाहेर येऊन किडे खातात, दिवसा दिसत नाहीत. बासिलिकात सहा ऑर्गन आहेत, एकत्र वाजवण्यासाठीच बांधलेले. ते फक्त ठरावीक रविवारी वाजतात, तारखा आधी पाहाव्यात.

शेवटचा राजा दुसरा मानुएल याने पोर्तुगालमधली शेवटची रात्र इथे काढली. ५ ऑक्टोबर १९१० रोजी तो इथून एरिसेइराच्या किनाऱ्यावर गेला आणि जहाजात बसला. एरिसेइरा दहा किलोमीटर आहे, माफ्राहून बस जाते. दुपार तिथे घालवावी.

व्हिला व्हिसोझा: जिथून सगळे सुरू झाले

कार्लुशची आगगाडी आता नाही. लिस्बनच्या सेते रियुश बसस्थानकावरून बस जाते, अडीच ते तीन तास. फेऱ्या मोजक्याच असतात, त्यामुळे जाण्या-येण्याचे तिकीट एकदमच काढा आणि एक रात्र राहा. एका दिवसात जाऊन यायचे ठरवणाऱ्यांची मार्गदर्शित फेरी बसच्या वेळेत अडकते आणि अर्धा राजवाडा राहतो. राजवाडा फक्त वाटाड्यासोबत, गटाने पाहता येतो. इंग्रजी फेरी कधी आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.

समोरच्या चौकात चौथ्या जुआंवचा पुतळा, मागे ११० मीटर लांब संगमरवरी दर्शनी भिंत. कॅथरिन २५ नोव्हेंबर १६३८ रोजी इथे जन्मली, तेव्हा तिचा बाप फक्त ड्यूक होता. आत कार्लुश आणि राणी आमेलिया यांच्या खोल्या १९०८ च्या त्या सकाळी सोडल्या तशा ठेवल्या आहेत. कार्लुश चांगला चित्रकार होता, त्याची चित्रे भिंतींवर आहेत. स्वयंपाकघरात तांब्याच्या भांड्यांची केवढी तरी रांग आहे. त्यांवरच्या खुणा वाटाड्याला विचारा.

राजवाड्याबाहेर पडल्यावर दोराच्या गाठींचे दगडी दार पाहा, ही ब्रागांसांची खूण. चौकापलीकडच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये ड्यूकांची थडगी आहेत. मग गावातून चढून किल्ल्यात जा: मुकुट जिला अर्पण केला त्या देवमातेचे चर्च तिथे आहे. खांदे झाकलेले असावेत, आणि प्रार्थना चालू असेल तर मागे बसून राहावे, फिरू नये.

शाकाहारी असाल तर आलेंतेजूत आसोर्दा मागवा: लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि शिळा पाव यांचे पातळ कालवण, वर अंडे. मासा नको हे आधी सांगावे लागते. टेबलावर न मागता ठेवलेले पाव, चीज आणि ऑलिव्ह खाल्ले तर त्यांचे पैसे बिलात लागतात. नको असल्यास लगेच परत करा.

दोन दिवस जास्त असतील तर ब्रागांसांच्या आधीच्या काळात जाऊन बाताल्या आणि आल्कोबासा ही दोन मठगावे जोडा, सेते रियुशवरूनच बस मिळते. बाताल्यात अविश घराण्याचा पहिला राजा जुआंव आणि त्याची इंग्रज राणी फिलिपा हातात हात घेऊन निजलेले कोरले आहेत. आल्कोबासात पहिला पेद्रो आणि १३५५ मध्ये मारली गेलेली इनेश द काश्त्रू यांची थडगी पायांकडे पाय करून मांडलेली आहेत. दोन्ही एका दिवसात करायचे म्हटले तर मधल्या बसची वेळ आधी पाहून ठेवा. दुपारी दोन-तीन तास एकही नसते.